मायक्रॉन की मायक्रोमीटर? एकाच एककाची दोन नावे आणि एक उपकरण

(एका चर्चापीठावरील प्रश्नोत्तरे. प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचे टोपणनाव आहे.)

तळटीप (प्रश्न)

एका प्रयोगशाळा-पुस्तिकेचे मराठी भाषांतर सध्या माझ्याकडे आहे आणि त्यातील एका साध्या वाक्यापाशी मी दोन दिवस अडून बसलो आहे. वाक्याचा आशय इतकाच, की मायक्रोमीटर या उपकरणाने पातळ पटलाची जाडी मोजली असता ती ८० मायक्रोमीटर भरली. इंग्रजीत एककाचा आणि उपकरणाचा उच्चार करताना आघाताची जागा बदलते, आणि ब्रिटिश पद्धतीने लिहिले तर स्पेलिंगही वेगळे होते, त्यामुळे वाचकाचा गोंधळ होत नाही. देवनागरीत मात्र दोन्ही शब्द अक्षरशः एकच आहेत. ‘मायक्रोमीटरने मोजले असता ८० मायक्रोमीटर भरले’ हे वाचताना पट्टीने पट्टीच मोजल्यासारखे वाटते.

एककासाठी ‘मायक्रॉन’ लिहावे असे मनात आले, कारण तो शब्द वाचकांच्या कानावरून गेलेला आहे. परंतु एका सहकाऱ्याने तो शब्द फार पूर्वीच अधिकृतपणे रद्द झाल्याचे सांगितले. तेव्हा मायक्रॉन म्हणजे नेमके किती, हा शब्द आला कोठून, तो खरोखरच रद्द झाला असेल तर का झाला, आणि मराठीत लिहिताना यातून वाट कशी काढावी, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

मात्रा

प्रथम अर्थ पाहू. एक मायक्रॉन म्हणजे मीटरचा दहा लाखावा, किंवा मिलिमीटरचा हजारावा भाग. मायक्रोमीटर म्हणजेही नेमके तेवढेच. दोहोंत केसभरही फरक नाही असे म्हणणार होतो, परंतु माणसाचा केस साधारणपणे ५० ते १०० मायक्रॉन जाडीचा असतो, त्यामुळे येथे तो वाक्प्रचार फारच ढोबळ ठरेल.

शब्द ग्रीक आहे. ‘मिक्रोस’ म्हणजे लहान, आणि त्याचे नपुंसकलिंगी एकवचन ‘मिक्रॉन’. हेच रूप आपण अलीकडे वेगळ्या कारणाने वारंवार ऐकले आहे. २०२१ च्या नोव्हेंबरात करोना विषाणूच्या एका प्रकाराला जागतिक आरोग्य संघटनेने ‘ओमिक्रॉन’ हे नाव दिले, ते ग्रीक वर्णमालेतील एका अक्षराचे नाव आहे. त्या वर्णमालेत ‘ओ’ दोन आहेत: एक ‘ओ मिक्रॉन’, म्हणजे लहान ओ, आणि दुसरा ‘ओ मेगा’, म्हणजे मोठा ओ. आपल्या ऱ्हस्व-दीर्घासारखीच ही जोडी आहे, आणि मोजमापाच्या जगात मायक्रो आणि मेगा ही उपपदे ज्या दोन विशेषणांवरून आली ती हीच.

या उपपदांची एक गंमत अशी, की ती मूळ दशमान पद्धतीत नव्हतीच. फ्रान्सने ७ एप्रिल १७९५ च्या कायद्याने मीटर, लिटर, ग्रॅम ही नावे ठरविली तेव्हा उपपदांसाठी एक देखणा नियम केला होता: पटीत वाढ दाखवायची तर ग्रीक शब्द घ्यायचा (डेका, हेक्टो, किलो) आणि भाग पाडायचे तर लॅटिन (डेसी, सेंटी, मिली). म्हणून किलो आणि मिली या दोहोंच्या मुळाशी ‘हजार’ हाच अर्थ असूनही एक मीटरला हजारपट करतो आणि दुसरा त्याचे हजार भाग करतो. मायक्रोने हा नियम दोन्ही बाजूंनी मोडला. एक तर ग्रीक असूनही तो भागासाठी वापरला जातो, आणि दुसरे म्हणजे ती संख्याच नाही. ‘लहान’ म्हणजे दहा लाखावा भाग, हे केवळ ठरवून घेतलेले आहे. १८७० च्या दशकात ब्रिटिश शास्त्रज्ञांनी सेंटिमीटर, ग्रॅम आणि सेकंद यांवर आधारलेली पद्धत मांडली, तिच्यात मायक्रो आणि मेगा यांना हा नेमका अर्थ मिळाला.

आता ‘मायक्रॉन’ या नावाविषयी. १८७९ मध्ये वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय समितीने त्याला मान्यता दिली आणि त्यासाठी ‘म्यू’ हे ग्रीक अक्षर चिन्ह म्हणून निश्चित केले. सूक्ष्मदर्शकाखाली काम करणाऱ्यांना असे सुटसुटीत नाव हवेच होते. ‘मिलिमीटरचा हजारावा भाग’ असे प्रत्येक पेशीमागे कोण म्हणणार? पुढे १९४८ च्या, वजनमापांच्या सर्वसाधारण परिषदेने एककांची जी यादी प्रसिद्ध केली, तिच्यातही मायक्रॉन होता.

अडचण निर्माण झाली ती १९६० मध्ये, जेव्हा आंतरराष्ट्रीय एकक पद्धती अस्तित्वात आली आणि ‘म्यू’ हे अक्षर मायक्रो या उपपदाचे चिन्ह म्हणून पक्के झाले. उपपद कधीही एकटे उभे राहू शकत नाही, त्याच्यामागे एकक लागतेच. केवळ ‘किलो’ म्हटले तर बाजारात चालते, पण शास्त्रीय लेखनात ‘किलो काय?’ हा प्रश्न उरतोच. तसेच नुसते ‘म्यू’ लिहिले तर ‘दहा लाखावा भाग कशाचा?’ याचे उत्तर मिळत नाही. म्हणून १९६७-६८ च्या तेराव्या सर्वसाधारण परिषदेने मायक्रॉन हे नाव आणि त्याचे एकटे ‘म्यू’ हे चिन्ह, दोन्ही मागे घेतले. आपल्या सहकाऱ्याचे म्हणणे त्यामुळे खरे आहे. परंतु रद्द झाला तो शब्दाचा अधिकृत दर्जा. अवरक्त किरणांचा अभ्यास करणारे खगोलशास्त्रज्ञ, लोकरीची प्रत ठरविणारे, गाळणी बनविणारे, हे सर्व आजही मायक्रॉनच म्हणतात आणि त्यांचे काही बिघडलेले नाही.

शून्यदोष

वरील उत्तरात उपकरणाचा उल्लेख राहिला आहे, आणि या प्रश्नाची खरी मेख तेथेच आहे. माझे आयुष्य कार्यशाळेत मोजमाप करण्यात गेले, म्हणून तेवढी बाजू मांडतो.

उपकरणाचे नाव एककापेक्षा पुष्कळ जुने आहे. १६४० च्या आसपास विल्यम गॅस्कॉइन या इंग्रज खगोलनिरीक्षकाने दुर्बिणीच्या नाभिप्रतलात (जेथे प्रतिमा तयार होते तेथे) स्क्रूने सरकणाऱ्या दोन कडा बसवल्या आणि त्यांच्या साहाय्याने आकाशातील लहान कोन मोजण्याची सोय केली. स्क्रूचा एक पूर्ण फेरा म्हणजे ठरावीक सरकणे, आणि फेऱ्याचे भाग पाडले की सरकण्याचेही तितकेच भाग पडतात, हे ते तत्त्व. (हा गुणी माणूस १६४४ मध्ये मार्स्टन मूरच्या लढाईत मारला गेला.) अशा उपकरणांना सतराव्या शतकातच मायक्रोमीटर म्हणू लागले होते, आणि त्या वेळी लांबीचे एकक म्हणून मीटर जन्मालाही आलेला नव्हता. तेव्हा त्या नावातील ‘मीटर’ म्हणजे शंभर सेंटिमीटरांचा मीटर नव्हे. थर्मामीटर, बॅरोमीटर यांतला, ‘मोजणारे’ या अर्थाचा तो मीटर आहे. लहान गोष्टी मोजणारे ते मायक्रोमीटर.

आज आपण हातात धरतो तो, यू आकाराच्या चौकटीचा मायक्रोमीटर झां लोरां पाल्मेर या फ्रेंच कारागिराच्या १८४८ च्या पेटंटातून आलेला आहे. फ्रान्समध्ये या उपकरणाला आजही सरळ ‘पाल्मेर’ म्हणतात, त्यामुळे तुमची अडचण त्यांना कधी आलीच नसावी.

आता यातला विनोद पाहा. नेहमीच्या मायक्रोमीटरच्या स्क्रूचा अंतराल (एका फेऱ्यातले सरकणे) अर्धा मिलिमीटर असतो आणि त्याच्या फिरत्या थिंबलवर, म्हणजे बाहेरच्या नळीवर, ५० भाग असतात. एक भाग म्हणजे ०.०१ मिलिमीटर, अर्थात दहा मायक्रॉन. थोडक्यात, ज्याचे नावच मायक्रोमीटर आहे त्या साधनाला एक मायक्रोमीटर दिसत नाही! काही मायक्रोमीटरच्या स्लीव्हवर (आतल्या स्थिर नळीवर) व्हर्नियर ही पूरक मोजपट्टी कोरलेली असते, किंवा आता आकडेदर्शक पडदे आले आहेत, त्यांत मिलिमीटरच्या हजाराव्या भागापर्यंत वाचता येते. परंतु त्या पातळीवर उतरलात की तापमान आडवे येते. लांबीच्या मोजणीसाठी २० अंश सेल्सिअस हे प्रमाण तापमान मानले जाते, आणि १०० मिलिमीटर लांबीचा पोलादी तुकडा एका अंशाने तापला तरी एका मायक्रॉनहून थोडा अधिक वाढतो. नुसता मुठीत धरून ठेवला तरी मोजणी चुकते. शिकाऊ असताना गरम तुकडा यंत्रावरून काढून लगेच मोजल्याबद्दल मी बोलणी खाल्ली आहेत, आणि ती योग्यच होती.

तुमच्या वाक्यातील पटल मऊ असेल तर आणखी एक सूचना पुस्तिकेत असायला हवी: स्पिंडल (पुढे सरकणारा दांडा) रॅचेटनेच, म्हणजे ठरावीक दाबानंतर घसरणाऱ्या टोकाच्या मुठीनेच, फिरवावा, थिंबल पिळू नये. नाहीतर ८० चे ७० व्हायला वेळ लागत नाही.

तळटीप

दोघांचेही मनःपूर्वक आभार. म्हणजे एकाच ग्रीक शब्दाच्या दोन शाखा दोन वाटांनी येऊन आमच्या लिपीत एकाच घरात राहायला आल्या, असे हे प्रकरण दिसते.

यातूनच आणखी एक शंका निघाली. पुस्तिकेच्या परिशिष्टात कोणत्या तरी जुन्या ग्रंथातला तक्ता जसाच्या तसा घेतला आहे. त्यात सोडियमच्या पिवळ्या प्रकाशाची तरंगलांबी ५८९ ‘एम-म्यू’ अशी दिली आहे, तर सोन्याच्या कलिल (द्रवात तरंगत राहणाऱ्या अतिसूक्ष्म) कणांचा व्यास २० ‘म्यू-म्यू’ असा दिला आहे. पहिले मिलिमायक्रॉन आणि दुसरे मायक्रोमायक्रॉन असे मी धरले. ते बरोबर आहे का?

काचपट्टी

पहिले बरोबर आहे, दुसऱ्याने मात्र आपली फसगत होण्याची दाट शक्यता आहे.

मिलिमायक्रॉन म्हणजे मायक्रॉनचा हजारावा भाग, अर्थात आजचा नॅनोमीटर. सोडियमचा पिवळा प्रकाश ५८९ नॅनोमीटरचा असतो, म्हणून येथे आकडा तसाच ठेवून फक्त एकक बदलावे. आंतरराष्ट्रीय पद्धतीत एकावर एक अशी दोन उपपदे लावण्यास मनाई आहे, आणि ‘मिलि-मायक्रॉन’ म्हणजे वस्तुतः मिलि-मायक्रो-मीटर होते. मायक्रॉन रद्द होण्यामागचे तर्कशास्त्र समजून घेण्यासाठी हे उदाहरण चांगले आहे. ‘नॅनो’ हेही ग्रीकच, ‘नॅनोस’ म्हणजे बुटका यावरून आलेले.

‘म्यू-म्यू’ हे मात्र काटेकोर अर्थाने मायक्रोमायक्रॉन, म्हणजे पिकोमीटर व्हायला हवे. पण विसाव्या शतकाच्या आरंभीच्या कलिलविषयक लेखनात पुष्कळांनी हेच चिन्ह ‘मिलिमीटरचा दहा लाखावा भाग’ या अर्थाने, म्हणजे नॅनोमीटरसाठी वापरले आहे. दोन अर्थांत हजारपटींचे अंतर आहे. अशा वेळी व्याख्या बाजूला ठेवून वस्तूकडे पाहावे. २० पिकोमीटर ही लांबी एका अणूच्या व्यासापेक्षाही लहान आहे, आणि सोन्याचा कण सोन्याच्या अणूहून लहान असणे संभवत नाही. तेव्हा तेथे २० नॅनोमीटर हेच अभिप्रेत आहे. जुना तक्ता उतरविताना हा पडताळा प्रत्येक ओळीला करावा.

मी रक्तचाचण्यांच्या प्रयोगशाळेत काम करते, त्यामुळे मायक्रॉन हा आमच्या रोजच्या बोलण्यातला शब्द आहे. तांबड्या पेशीचा व्यास सात ते आठ मायक्रॉन असतो, आणि काचपट्टीवरील इतर पेशींचा आकार आम्ही नजरेने तिच्याशीच ताडून पाहतो. या पेशीचे सरासरी आकारमान जुन्या अहवालांत ‘घन मायक्रॉन’मध्ये दिलेले आढळते, तर हल्ली ते ‘फेम्टोलिटर’मध्ये देतात. निरोगी प्रौढात हा आकडा साधारणपणे ८० ते १०० असतो, आणि आश्चर्य असे की एकक बदलूनही आकडा तोच राहिला. याचे कारण योगायोग नव्हे. मायक्रॉनची बाजू असलेल्या घनात मावते ते बरोबर एक फेम्टोलिटर. माझ्या ज्येष्ठ सहकारी अजूनही ‘घन मायक्रॉन’ म्हणतात आणि यंत्र ‘फेम्टोलिटर’ छापते, तरी आमच्यात कधी वाद झालेला नाही.

पोकळी

थोडेसे विषयाच्या कडेचे, पण भाषांतरकाराच्या उपयोगाचे. शीतकरण यंत्रांच्या दुरुस्तीत ‘निर्वात ५०० मायक्रॉनपर्यंत खेचा’ असे वाक्य सर्रास येते. तेथे मायक्रॉन ही लांबी वाटत असली तरी मोजला जातो तो दाब: पाऱ्याच्या एक मायक्रॉन उंचीच्या स्तंभाइतका, म्हणजे सुमारे ०.१३३ पास्कल. वातावरणाचा दाब ७६० मिलिमीटर पारा धरला तर तो ७,६०,००० मायक्रॉन होतो, यावरून ५०० म्हणजे किती खोल निर्वात याची कल्पना यावी. अशा वाक्यातल्या मायक्रॉनला कोणी शुद्धीकरणाच्या भरात ‘मायक्रोमीटर’ करून टाकले, तर वाक्याचा अर्थच नाहीसा होईल.

मात्रा

पुन्हा लिहितो, कारण भाषांतरात ‘मायक्रॉन’च वापरावा असा सूर येथे उमटतो आहे आणि त्याला माझी थोडी हरकत आहे. पुस्तिका विद्यार्थ्यांसाठी असेल तर एककाचे अधिकृत नाव त्यांच्या डोळ्यांखालून गेलेच पाहिजे. मिलिमीटर, मायक्रोमीटर, नॅनोमीटर ही साखळी एकदा मनात बसली, की प्रत्येक पायरी हजाराची आहे हे नावावरूनच कळते. ‘मायक्रॉन’ या साखळीतली कडी नाही, ते स्वतंत्रच पाठ करावे लागते. म्हणून बदलायचे तर उपकरणाचे नाव बदला. त्यासाठी मराठीत ‘सूक्ष्ममापी’ हा अर्थवाही शब्द आहे, आणि तो ग्रीक नावाचा जवळजवळ शब्दशः प्रतिशब्द आहे. ग्रीक ‘मेत्रॉन’ आणि आपल्याकडचे माप, मात्रा, प्रमाण, परिमाण हे शब्द ‘मा’ या एकाच प्राचीन मुळातून निघालेले मानले जातात, तेव्हा येथे आपण काही उसनेही घेत नाही.

दुसरी सूचना चिन्हाबद्दल. मूळ संगणकीय मजकुरात ‘म्यू’ हे अक्षर ‘सिम्बॉल’ नावाच्या फाँटमध्ये टंकलेले असेल, तर तेथे प्रत्यक्षात रोमन ‘एम’ची कळ दाबलेली असते आणि केवळ फाँटमुळे ते म्यूसारखे दिसते. मजकूर दुसऱ्या फाँटमध्ये नेला की म्यूचा पुन्हा ‘एम’ होतो, आणि ८० मायक्रोमीटरचे पाहता पाहता ८० मिलिमीटर होतात. पातळ पटल तेवढ्यात विटेइतके जाड होते. औषधांच्या मात्रेत अशीच चूक जिवावर बेतू शकते, म्हणून वैद्यकीय लेखनात मायक्रोग्रॅमसाठी म्यू टाळून ‘एमसीजी’ लिहिण्याची पद्धत आहे. आपण तर देवनागरीतच लिहीत आहात, तेव्हा चिन्हाऐवजी पूर्ण शब्द लिहिणे हेच सर्वांत सुरक्षित.

शून्यदोष

‘सूक्ष्ममापी’ला माझा विरोध नाही, पण प्रत्यक्ष कार्यशाळेत तो शब्द मी आजवर एकदाही ऐकलेला नाही. पुस्तिका वाचून एखादा मुलगा कपाटात ‘सूक्ष्ममापी’ शोधू लागला, तर त्याला तो सापडणार नाही, कारण डब्यावर ‘मायक्रोमीटर’ असेच लिहिलेले असेल. ‘स्क्रू गेज’ म्हटले तर निदान शाळेत शिकलेल्याला उमगते.

आणि मूळ वाक्याविषयीच एक शंका. पुस्तिकेत वापरलेले साधन साधे, मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत वाचता येणारे आहे का? असेल, तर ‘८० मायक्रोमीटर’ असे लिहिणेच मला पटत नाही. तसे लिहिल्याने मोजणारा ७९ आणि ८१ मधला फरक ओळखत होता असा भास होतो. त्याच्या थिंबलवर आठवा भाग रेषेवर आला, यापलीकडे त्याला काही दिसलेले नाही. प्रामाणिक नोंद ‘०.०८ मिलिमीटर’ अशी होईल, कारण तीत शेवटचा अंक नेमक्या त्याच स्थानी आहे जेथपर्यंत साधन वाचता येते.

तळटीप

पुस्तिकेचा साधनांचा विभाग पुन्हा उघडून पाहिला. साधन शंभराव्या भागाचेच आहे. मूळ लेखकांना पत्र पाठवून विचारले, तेव्हा त्यांनी नोंदवहीत ०.०८ मिलिमीटर असेच लिहिलेले असल्याचे आणि छापताना ते ‘शोभून दिसावे’ म्हणून मायक्रोमीटरमध्ये बदलल्याचे कळविले, आणि भाषांतरात मूळ नोंद देण्यास संमतीही दिली.

त्यामुळे वाक्य आता असे झाले आहे: ‘स्क्रू गेजने (मायक्रोमीटरने) पटलाची जाडी मोजली असता ती ०.०८ मिलिमीटर भरली.’ एककांच्या पहिल्याच प्रकरणात मायक्रोमीटर हे अधिकृत नाव देऊन, यालाच पूर्वी मायक्रॉन म्हणत व अनेक व्यवसायांत अजूनही म्हणतात, अशी एक ओळ घातली आहे. परिशिष्टातील तक्ता ओळीओळीने तपासला. ‘म्यू-म्यू’ एकूण सहा ठिकाणी होते, आणि सहाही ठिकाणी नॅनोमीटरच निघाले.